कार्थेजच्या माणसाला दिवसातून किती वेळा रोम आठवतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेज शहराला रोमने घातलेल्या शेवटच्या वेढ्यावर, म्हणजे इ.स.पू. १४९ ते १४६ या काळावर, तुम्ही मराठीत कादंबरी लिहिताय. निवेदक कार्थेजच्या सैन्यातला एक तरुण अधिकारी आहे. अडचण अशी की या वेढ्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते रोमनांनी किंवा त्यांच्या छायेतल्या ग्रीकांनी लिहिलेलं. मग त्यातलं किती खरं धरायचं, किती उलटं करायचं, आणि या माणसांच्या तोंडी मराठी कुठलं घालायचं?

मी स्वतः तीन ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि गेली अठरा वर्षं इतरांची हस्तलिखितं वाचते आहे. त्या अनुभवावरून सांगते, साधनं एकतर्फी आहेत ही अडचण खरी असली तरी ती दुसऱ्या नंबरची आहे. पहिली अडचण तुमच्या प्रश्नातल्या ‘उलटं’ या शब्दात आहे. रोमन लेखकाने काळं म्हटलं तिथे पांढरं लिहायचं ठरवलं की कादंबरी रोमबद्दलच होते, फक्त चिन्ह बदलतं. ‘रोमचा शत्रू’ ही ओळख रोमने दिलेली. तो माणूस सकाळी उठतो तेव्हा ‘मी रोमचा शत्रू’ म्हणत उठत नाही.

हे मला फुकट कळलेलं नाही. माझी पहिली कादंबरी आर्मिनियसवर होती, इ.स. ९ मध्ये ट्युटोबर्गच्या जंगलात रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, बुडवणाऱ्या जर्मन सरदारावर. तिचा पहिला खर्डा साडेचारशे पानांचा. त्यात व्हारस मठ्ठ, शिपाई लंपट, कर गोळा करणारे राक्षस, आणि चेरुस्की जमातीची माणसं शेकोटीभोवती बसून सतत स्वातंत्र्यावर बोलणारी. एका वयस्कर संपादकांनी तो वाचला आणि समासात पेन्सिलीने एकच वाक्य लिहिलं, ‘ही सगळी माणसं चोवीस तास रोमकडेच का बघतायत?’ मला राग आला. आठ दिवसांनी मी एक वही घेतली आणि प्रत्येक प्रसंगात रोमचं नाव किती वेळा येतं ते मोजलं. ज्या प्रसंगात एक डुक्कर हरवलं होतं, त्यातही चार वेळा होतं.

मग मी रोमन इतिहासकार टॅसिटसकडे परत गेले आणि आधी वरवर वाचलेला एक प्रसंग नीट वाचला. इ.स. १६. वेझर नदी. एका काठावर आर्मिनियस, दुसऱ्या काठावर त्याचा सख्खा भाऊ फ्लावस, रोमच्या नोकरीत, लढाईत एक डोळा गेलेला. दोघं नदीपलीकडून एकमेकांशी बोलतात. आर्मिनियस विचारतो, डोळ्याच्या बदल्यात काय मिळालं? फ्लावस वाढलेला पगार आणि मिळालेले मानाचे अलंकार सांगतो, आर्मिनियस हसतो. बोलता बोलता प्रकरण इतकं तापतं की फ्लावस घोडा आणि हत्यार मागतो, त्याला धरून ठेवावं लागतं. आणि टॅसिटस जाता जाता एक गोष्ट नोंदवतो: आर्मिनियसच्या बोलण्यात बरेच लॅटिन शब्द येत होते, कारण तो रोमन सैन्यात चाकरी करून आलेला होता. भावाला शिव्या घालतानाही तोंडात मालकाची भाषा! माझ्या साडेचारशे पानांत या एका निरीक्षणाइतकं खरं काही नव्हतं. आणि ते एका रोमनाने लिहिलेलं होतं. तेव्हा रोमन साधनं टाकून द्यायची नसतात. लिहिणाऱ्याला स्वतःलाही महत्त्वाचं वाटलं नाही, असं त्यांत काय आहे ते शोधायचं.

आता ‘कोणता शत्रू’ यावर बरंच अवलंबून आहे, हे कबूल करते. सगळे मुके नाहीत. इराणचा ससानी राजा पहिला शापूर याने नक्श-ए-रुस्तमला तीन भाषांत शिलालेख कोरून ठेवलाय. इ.स. २६० मध्ये रोमन सम्राट व्हॅलेरियनला आपण स्वतःच्या हातांनी पकडलं, असं तो त्यात सांगतो. तिथे शत्रूचा आवाज आहे, पण तोही राजाचाच, बढाईखोर. ज्यूंच्या इ.स. १३२ ते १३५ च्या बंडाचा पुढारी बार कोखबा याची तर पत्रंच मृत समुद्राकाठच्या गुहेत सापडली. त्यातल्या एका पत्रात तो दोन गाढवं पाठवतोय आणि छावणीतल्या सणासाठी त्यांच्यावर खजुराच्या फांद्या आणि महाळुंगं लादून पाठवायला सांगतोय. रोमन फौजा देशात घुसलेल्या असताना! असं एक पत्र हाती असेल तर कादंबरीकाराने अर्धी लढाई जिंकली. याउलट रोमविरुद्ध उठलेल्या ब्रिटनच्या बुडिका राणीच्या मुलींची नावंसुद्धा आपल्यापर्यंत आलेली नाहीत. तिथे तुम्हाला जास्त घडवावं लागतं आणि तितकंच जपूनही राहावं लागतं.

कार्थेज या दोन्हींच्या मधे येतं. त्यांची ग्रंथालयं गेली. रोमशी लढलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्यासोबत फिरलेल्या सोसिलस आणि सिलेनस या दोन ग्रीक इतिहासकारांचं लिखाणही काही तुकडे सोडता गेलं. पण दगड राहिले. हजारोंच्या संख्येने सापडलेल्या कार्थेजच्या पाट्या बहुतेक एकाच साच्यातल्या आहेत: स्वामिनी तनितला, बाआलच्या मुखाला, आणि स्वामी बाआल हम्मोनला, अमक्याचा मुलगा अमका याने हे वाहिलं, कारण त्यांनी त्याचा आवाज ऐकला. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. नवस बोलला, नवस पावला, नवस फेडला. काही पाट्यांवर आज्या-पणज्यांपर्यंत वंशावळ आहे, काहींवर धंदा लिहिलाय. तुमच्या पात्रांची नावं, नाती, कसब इथून घ्या. एका पाटीभोवती एक माणूस उभा करता येतो.

या पाट्यांच्या जागेचा, तोफेतचा, प्रश्न तुम्ही शेवटी घाईत विचारलाय, पण तो टाळू नका. तिथे पुरलेल्या मडक्यांत जळलेल्या अर्भकांची हाडं आहेत, काहींत कोकरांची. ग्रीक-रोमन लेखक बालबळी म्हणतात. आजच्या अभ्यासकांत बळी की मुळात मेलेली मुलं, यावर अजून वाद आहे. नवे लेखक इथे दोनांपैकी एक करतात: हा सगळा रोमन अपप्रचार म्हणून झटकून टाकतात किंवा भयपट करतात. तुमच्या जागी मी असते तर निवेदकाच्या आईला महिन्यातून एकदा तिथे जाऊ दिलं असतं, तिने सोबत काय नेलं ते दाखवलं असतं, आणि निवेदकाने तिला कधीही काहीही विचारलं नसतं. घराघरांत अशा गोष्टी असतातच. वाचकाला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पण ते मडकं लपवायचं नाही.

आता रोमन बाजूची साधनं वाचायची कशी? खरं तर मराठी वाचकाला याची सवय आहे. शिवाजी महाराजांबद्दल आपण खाफीखान वाचतो, सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं वाचतो. खाफीखान महाराजांना शेलक्या शिव्या देतो आणि त्याच हाताने लिहितो की मशीद, कुराण आणि बायका यांना धक्का लावायचा नाही असा त्यांचा नियम होता. त्याला न आवडणारी गोष्ट तो लिहितो तेव्हा आपण कान टवकारतो. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस आणि ॲपियन यांच्यापुढेही असेच कान ठेवा. पॉलिबियस वेढ्याच्या वेळी सेनापती स्किपिओसोबत प्रत्यक्ष हजर होता. पण तो मुळात कोण? इ.स.पू. १६७ मध्ये रोमनांनी ग्रीसमधून उचलून इटलीत नेलेल्या हजारभर माणसांपैकी एक. जवळजवळ सतरा वर्षं अडकून पडलेला. स्वतः हरलेल्या बाजूचा माणूस दुसऱ्या शहराची राख होताना बघतोय. ॲपियन तर त्यानंतर तीनशे वर्षांनी लिहितोय, पण वेढ्याचे सगळ्यांत बारीक तपशील त्याच्याकडेच आहेत.

एक तपशील जवळून बघू, कारण तुमची सगळी कादंबरी त्यावर फिरू शकेल. रोमने आधी मोठ्या घरांतली तीनशे मुलं ओलीस मागितली. दिली. मग सगळी शस्त्रं मागितली. चिलखतांचे दोन लाख संच आणि दोन हजार गोफणयंत्रं दिली, असं ॲपियन सांगतो. मग तिसरी मागणी: शहर सोडा आणि समुद्रापासून ऐंशी स्टेडिया, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर, आत जाऊन राहा. तेव्हा शहर बिथरलं. देवळं आणि मोकळ्या जागा, सगळीकडे कारखाने निघाले. ॲपियनच्या मते रोज शंभर ढाली, तीनशे तलवारी, यंत्रांची हजार अस्त्रं, पाचशे भाले. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो ढाली एकशे चाळीस सांगतो. आणि यंत्रांच्या दोरांसाठी बायकांनी केस कापून दिले.

हे केसांचं दृश्य प्रत्येक हस्तलिखितात असतं. अंगणात बायका रांगेने उभ्या, कात्री, अश्रू, मातृभूमी. तुमच्या नमुना प्रकरणातही तसंच आहे. आता हेच दोर वळणाऱ्याच्या नजरेने बघा. ही यंत्रं धनुष्यासारखी वाकून मारत नाहीत, ती पिळावर चालतात. ताकद असते ती घट्ट पिळलेल्या जुडग्यात. त्याला जनावरांचे स्नायू चालतात, केस चालतात. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यंत्रांच्या वर्णनात बायकांच्या केसांचाच उल्लेख करतो, आणि तिथे वेढ्याचा किंवा हतबलतेचा विषयच नाही. म्हणजे केस हा नाइलाज असेल, पण येडगळ नाइलाज नव्हे. तो कामाचा माल होता. दोरवाला केस हातात घेईल तेव्हा लांबी बघेल, तेल किती आहे ते बघेल, पांढऱ्या केसांचा वेगळा गठ्ठा करेल का याचा विचार करेल. पुढच्या बाईचे केस आखूड निघाले तर तिला परत पाठवेल, आणि ती अपमान झाल्यासारखी निघून जाईल. स्ट्राबो म्हणतो, केस दासींचे होते. मग मालकिणीचे का नाहीत? इथे कादंबरी सुरू होते. रोमन नजरेला दिसली ती हताश बायकांची करुण रांग. आतल्या माणसाला प्रत, वजन, हिशेब आणि कोणाच्या घरातून काय आलं हे दिसतं. म्हणून माझं मत विचाराल तर निवेदक अधिकारी ठेवूच नका, दोरवाला करा. अधिकाऱ्याला सारखं तटावरून रोमन छावणीकडे बघावं लागेल.

त्या छावणीपलीकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे. इ.स.पू. २०१ च्या तहाने कार्थेजवर दहा हजार टॅलंट (चांदी मोजायचं मोठं वजन) खंडणी बसली, पन्नास वर्षांच्या हप्त्यांनी. दहाच वर्षांनी शहर पुन्हा इतकं सावरलं की उरलेली सगळी रक्कम एकदम घ्या म्हणाले. रोमने नको म्हटलं. कर्जदाराला मोकळं करायचं नव्हतं. तुमच्या दोरवाल्याच्या बापाने ही गोष्ट जेवताना किती वेळा सांगितली असेल! शिवाय रोज टोचणारा काटा रोम नव्हताच, तो शेजारचा नुमिडियाचा राजा मासिनिसा होता. दरवर्षी थोडी जमीन गिळणारा, नव्वदीतही घोड्यावर बसणारा. आणि उटिका? कार्थेजसारखंच फिनिशियन शहर, जवळपास तीच बोली, तेच देव, आणि ते वेढा पडायच्या आधीच रोमला जाऊन मिळालं. तिथे तुमच्या दोरवाल्याची मावशी दिली असेल. खुद्द शहरात हसद्रुबल नावाचे दोन सेनानी होते. एक मासिनिसाचा नातू. त्याच्यावर फितुरीचा आळ आला आणि सभेतच बाकांनी मारून त्याचा जीव घेतला. आळ घेणारा दुसरा हसद्रुबल. इतकं सगळं असताना ‘रोमनांचा अत्याचार’ या एकाच तारेवर तीनशे पानं वाजवायची गरज काय?

(नावांचा गोंधळ होणारच. हॅनिबल, हॅमिल्कार, हसद्रुबल, हन्नो, मागो, गिस्को यांतच अर्धं शहर आटोपतं. खेडेगावात एका आळीत पाच पांडुरंग असले की आपण काय करतो? धंद्यावरून, व्यंगावरून, बापावरून हाक मारतो. तेच करा.)

भाषणांबद्दल एक इशारा. तुम्ही पुस्तकाच्या सुरुवातीला टाकलेलं ‘ते ओसाड करतात आणि त्याला शांतता म्हणतात’ हे वाक्य कॅलेडोनियाच्या, म्हणजे आजच्या स्कॉटलंडच्या, कॅल्गाकस नावाच्या पुढाऱ्याच्या तोंडचं आहे. पण ते लिहिलंय टॅसिटसने, इ.स. ९८ च्या सुमारास, ज्या सासऱ्याने त्या पुढाऱ्याचा पराभव केला त्याच्या चरित्रात. सेनापतींच्या तोंडी भाषण घडवून घालणं ही त्या इतिहासकारांची रीतच होती. वाक्य अप्रतिम आहे, पण तो रोमन माणसाचा स्वतःच्या राज्याशी चाललेला वाद आहे. शत्रूचा आवाज म्हणून तो वापरलात तर तुमचा शत्रू उत्तम लॅटिन वक्तृत्व शिकलेला निघेल.

मराठी कुठलं, याचं उत्तर माझ्यासाठी सरळ आहे, पण मतभेद होतील. आपल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की हात आपोआप खलिता, मुजरा, फर्मान, मसलत यांच्याकडे जातो. ‘मुजरा’ म्हटलं की वाचक रायगडावर पोचला, त्याला परत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणणं अशक्य. दुसरीकडे ‘हे वीरश्रेष्ठा’ म्हटलं की संगीत नाटक. कार्थेज हे व्यापाऱ्यांचं शहर. त्याला पेठेचं मराठी द्या: वखार, अडत, उधारी, बयाणा, माप, खोट, दलाली. ‘सिनेट’ आणि ‘फोरम’ हे रोमनांचे शब्द कार्थेजच्या माणसाच्या तोंडी नकोत, वडीलधाऱ्यांची सभा आणि चौक पुरे. दरवर्षी निवडले जाणारे दोन मुख्य अधिकारी मात्र ‘सुफेत’च राहू द्या. एक-दोन शब्द परके असावेत, नाहीतर सगळंच शेजारचं वाटतं. रोमन पात्रांचं बोलणं मी नेहमी जरा जास्त नेटकं, प्रमाण ठेवते. अनुवादासारखं. निवेदकाच्या कानाला ते तसंच लागत असणार.

गंमत म्हणजे पलीकडच्या बाजूलाही हा प्रश्न पडला होता. हॅनिबलचं युद्ध संपून फार वर्षं झालेली नसताना रोममध्ये नाटककार प्लॉटसने हन्नो नावाच्या कार्थेजी म्हाताऱ्याला विनोदी नाटकात आणलं. तो आपल्या हरवलेल्या मुली शोधत येतो आणि रंगमंचावर चक्क त्याच्या भाषेत बोलतो. ज्यांचे भाऊ-बाप कॅनीच्या लढाईत हॅनिबलपुढे मेले ते प्रेक्षक हसत होते, आणि बहुधा त्या म्हाताऱ्यासाठी थोडे हळहळतही होते. तेव्हा तुमच्या रोमनांनाही इतकं सरळ करून टाकू नका.

आतापर्यंतचं कामापुरतं: निवेदक तटावरून खाली उतरवा, पाट्यांवरून माणसं घ्या, ॲपियनकडून घटना घ्या पण नजर बदला, भाषणं कापा, मराठी पेठेतून आणा. आणि प्रस्तावनेतलं मीठ काढा. शहर पाडल्यावर रोमनांनी तिथे मीठ पेरल्याची गोष्ट एकाही प्राचीन लेखकाकडे नाही, ती फार नंतरची आहे. तुमचं पहिलंच पान त्यावर उभं आहे, तेवढं पुन्हा लिहावं लागेल.

शेवट कुठे करायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण हस्तलिखित शहरातल्या बिर्साच्या टेकडीवरच्या आगीपाशी संपतंय म्हणून बोलते. सहा दिवस आणि सहा रात्री घराघरांतून, गच्चीवरून गच्चीवर फळ्या टाकून लढाई, मग टेकडीवरून पन्नास हजार माणसं खाली येतात आणि गुलाम म्हणून विकली जातात. शेवटी त्या दुसऱ्या हसद्रुबलची बायको मुलांसह ज्वाळांत. दृश्य जबरदस्त आहे, पण ते रोमन छावणीतून बघितलेलं आहे. पन्नास हजारांचं पुढे काय झालं?

माझ्याकडे एक प्रसंग आहे, तो मी वापरणार नाही, तुम्ही घ्या. शहर जाळल्यावर तिथली ग्रंथालयं रोमने आफ्रिकेतल्या लहान राजांना वाटून टाकली. एकच ग्रंथ स्वतःकडे ठेवला आणि सिनेटने त्याचं लॅटिन भाषांतर करायचा हुकूम काढला: कार्थेजी लेखक मागोचं शेतीवरचं पुस्तक, अठ्ठावीस खंड. भाषांतराला कार्थेजची भाषा येणारी माणसं लागली. समजा, त्यातल्या एकाला मदतनीस म्हणून तुमचा दोरवाला दिलाय, कारण त्याला वाचता येतं आणि तो स्वस्तात मिळाला. रोममधली एक खोली, टेबल, पहिला खंड. तो मोठ्याने वाचतो, समोरचा लिहून घेतो. मागोचा उपदेश सुरुवातीलाच आहे, आणि तो रोमन लेखकांनी जपलाय: ज्याने शेत घेतलं, त्याने शहरातलं घर विकावं.

समोरचा लेखणी थांबवून विचारतो, ‘घर म्हणजे कुठलं? पुन्हा वाच.’